घटक ४ : जाहिरात संस्थेतील कामकाज आणि मराठी मजकूर

घटक रचना
४.१ उद्दिष्टे
४.२ प्रास्ताविक
४.३ विषय-विवेचन
४.४ सारांश
४.५ पारिभाषिक शब्द
४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
४.७ सरावासाठी स्वाध्याय
४.८ क्षेत्रीय कार्य

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• जाहिरात संस्थेतील विभाग व त्यांची कामे सांगता येतील.
• एका जाहिरातीचा ब्रीफपासून प्रसिद्धीपर्यंतचा प्रवास स्पष्ट करता येईल.
• कामाची पद्धत आणि मराठी मजकुराची भाषा यांतील संबंध उदाहरणांसह दाखवता येईल.
• अनुवादित जाहिरातीतील भाषिक दोष ओळखून ते दुरुस्त करता येतील.
• मजकूर-लेखकाचे हक्क आणि जबाबदाऱ्या यांविषयी मूलभूत माहिती देता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण जाहिरातीची अंगे पाहिली : शीर्षक, उपशीर्षक, मुख्य मजकूर, घोषवाक्य आणि चित्र. तेथे जाहिरात ही तयार वस्तू म्हणून आपल्यासमोर होती. प्रस्तुत घटकात ती जेथे तयार होते त्या ठिकाणी, म्हणजे जाहिरात संस्थेत, आपण जाणार आहोत.

त्यामागे एक प्रश्न आहे. वृत्तपत्रातील, दूरचित्रवाणीवरील किंवा बसथांब्यावरील मराठी जाहिरात वाचताना ‘हे मराठी आहे खरे, पण कोणी मराठी माणूस असे बोलत नाही’ असे आपल्याला अनेकदा वाटते. लिहिणाऱ्याला मराठी येत नसावे, असे उत्तर आपण पटकन देतो. ते अपुरे आहे. असा मजकूर लिहिणारी व्यक्ती पुष्कळदा मराठीची चांगली जाणकार असते. कधी ती आपल्यासारखीच मराठीची पदवीधर असते. तरीही मजकूर परका वाटतो. याचे कारण शोधायचे तर शब्दांबरोबरच कामाची साखळी तपासावी लागते. मराठी मजकूर त्या साखळीत कितव्या टप्प्यावर, किती वेळात आणि कोणती माहिती हाती असताना लिहिला जातो, यावर त्याची भाषा मोठ्या प्रमाणात ठरते. या घटकाचे हे मुख्य प्रतिपादन आहे.

आपल्यापैकी काही जण नोकरी वा व्यवसाय सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. काहींनी अनुवादाची छोटी कामे केलीही असतील. त्यामुळे हा विषय परीक्षेपुरता न राहता आपल्या उपजीविकेशीही जोडला जाऊ शकतो.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ जाहिरात संस्था : संक्षिप्त पार्श्वभूमी

भारतातील जाहिरात व्यवसायाचे प्रमुख केंद्र मुंबई हे आहे. गिरगावात १९०५ साली सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही देशातील सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक मानली जाते. त्यानंतर परदेशी संस्था आल्या. जनरल मोटर्स या मोटार कंपनीचे काम पाहण्यासाठी जे. वॉल्टर थॉम्प्सन या अमेरिकी संस्थेने १९२९ मध्ये भारतात कार्यालय थाटले. लिंटास ही संस्था १९३९ मध्ये लीव्हर कंपनीची स्वतःची जाहिरात संस्था म्हणून सुरू झाली. सर ज. जी. कला महाविद्यालयात १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि पुढे त्यातूनच उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. या संस्थेने मुंबईच्या जाहिरात व्यवसायाला चित्रकारांच्या कित्येक पिढ्या पुरवल्या.

ग्राहक कंपन्या इंग्रजीत कारभार करणाऱ्या, संस्थांचे प्रमुख इंग्रजीत शिकलेले आणि जाहिरातीचा मोठा खर्च इंग्रजी दैनिकांत, अशी सुरुवातीची स्थिती होती. १९६७ मध्ये विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या आणि १९७६ मध्ये दूरदर्शननेही त्या स्वीकारल्या. आवाज घरोघरी पोहोचू लागल्यावर देशी भाषांची गरज वाढली. परंतु संस्थेच्या आतली विचाराची भाषा लगेच बदलली नाही. मूळ जाहिरात इंग्रजीत, पुढे हिंदीत, आणि त्यावरून मराठी, गुजराती, तमिळ, बंगाली आवृत्त्या, अशी घडी बसली. ती आजही पुष्कळ अंशी टिकून आहे.

या घडीमागे पैशाचेही एक कारण होते. वृत्तपत्रे मान्यताप्राप्त संस्थांना जाहिरातीच्या दरावर १५ टक्के कमिशन देत. म्हणजे संस्थेचे उत्पन्न जागा विकत घेण्यावर अवलंबून होते. मजकूर त्या जागेसोबत जणू मोफत मिळत होता. मराठी ओळीवर एक तास खर्च केला काय आणि एक आठवडा केला काय, कमिशन तेवढेच. जेथे शब्दाला स्वतंत्र किंमत नसते, तेथे त्यासाठी स्वतंत्र वेळही राखून ठेवला जात नाही. आता ठरावीक शुल्काची पद्धत रूढ झाली आहे, परंतु अनुवाद हा ‘शेवटी करून घ्यायचा’ किरकोळ खर्च ही समजूत मागे उरली आहे.

४.३.२ संस्थेची रचना आणि एका जाहिरातीचा प्रवास

जाहिरात संस्थेत साधारणपणे पुढील विभाग असतात.

(अ) ग्राहक-सेवा विभाग : यालाच व्यवसायात ‘क्लायंट सर्व्हिसिंग’ म्हणतात. कंपनीशी बोलणे, तिची गरज समजून घेणे, मान्यता मिळवणे आणि वेळापत्रक सांभाळणे हे याचे काम.

(आ) नियोजन विभाग : ग्राहक कोण, तो काय विचार करतो, त्याला काय सांगायला हवे, याचा अभ्यास हा विभाग करतो. १९६८ च्या सुमारास लंडनमध्ये स्टीफन किंग आणि स्टॅन्ली पॉलिट यांनी हे काम स्वतंत्र शाखा म्हणून विकसित केले.

(इ) सर्जनशील विभाग : यात कॉपीरायटर, म्हणजे मजकूर-लेखक, आणि आर्ट डायरेक्टर असतात. या विभागाचा प्रमुख ‘क्रिएटिव्ह डायरेक्टर’ म्हणून ओळखला जातो.

(ई) माध्यम विभाग : जाहिरात कोठे, केव्हा, किती वेळा द्यायची हे ठरवतो. आज हे काम पुष्कळदा स्वतंत्र माध्यम-संस्थांकडे असते.

(उ) निर्मिती विभाग : छपाईयोग्य प्रत, ध्वनिमुद्रण व चित्रीकरण यांची व्यवस्था पाहतो. भाषांतरित आवृत्त्यांचे काम अनेक ठिकाणी याच विभागामार्फत बाहेर दिले जाते. ही बाब लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

जाहिरातीचा प्रवास ‘ब्रीफ’पासून सुरू होतो. ब्रीफ म्हणजे कामाचा लेखी गोषवारा : उत्पादन काय, ग्राहक कोण, एकच गोष्ट सांगायची तर कोणती, तिला पुरावा काय. ब्रीफवरून सर्जनशील विभाग कल्पना मांडतो. त्या संस्थेत गाळल्या जातात, मग कंपनीपुढे सादर होतात. सूचना येतात, बदल होतात, पुन्हा सादरीकरण होते. एका शीर्षकासाठी पन्नास-शंभर पर्याय लिहून त्यांतील एक निवडणे ही या व्यवसायातील नित्याची गोष्ट आहे. मान्यता मिळाली की निर्मिती, आणि त्यानंतर प्रसिद्धी.

४.३.३ जोडीने काम आणि बैठकीची भाषा

एकेकाळी अमेरिकेतील संस्थांत लेखक आपला मजकूर टंकलिखित करून कलाविभागाकडे पाठवीत असे आणि चित्रकार त्याला साजेसे चित्र काढीत असे. दोघांची भेट होईलच असे नव्हते. १९४९ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या डॉइल डेन बर्नबाख या संस्थेत विल्यम बर्नबाख यांनी लेखक आणि चित्रकार यांना एकत्र बसवले. कल्पना शब्दाची की चित्राची, हा भेद त्यामुळे पुसट झाला. चित्र बोलत असेल तर शब्द कमी झाले. शब्द नेमका असेल तर चित्र मोकळे झाले. ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली.

सामूहिक विचारमंथनाची पद्धतही जाहिरात व्यवसायाची देणगी आहे. बीबीडीओ या अमेरिकी संस्थेचे अॅलेक्स ऑस्बर्न यांनी ‘ब्रेनस्टॉर्मिंग’चे नियम मांडले, त्यांचे ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ हे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. बैठक चालू असताना कोणाच्याही कल्पनेवर टीका करायची नाही, कल्पना जितक्या जास्त तितके बरे, आणि एकाच्या कल्पनेवर दुसऱ्याने रचना करायची, हे त्यांतील मुख्य नियम.

येथे भाषेच्या अभ्यासकाने एक प्रश्न विचारायला हवा : ही बैठक कोणत्या भाषेत चालते? बैठक इंग्रजीत असेल तर इंग्रजी श्लेष सुचतील. हिंदीत असेल तर हिंदी म्हणी आठवतील. मराठी वाक्प्रचारातून निघणारी कल्पना त्या खोलीत जन्मच घेणार नाही, कारण ती मांडली तर समजून हसणारा माणूस शेजारी नसतो. लेखक आणि चित्रकार यांना बर्नबाख यांनी एकत्र बसवले खरे. मराठी लेखकाचा मजकूर मात्र अजून जुन्याच पद्धतीने, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे, प्रवास करतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) रिकाम्या जागा भरा.
१. वृत्तपत्रे मान्यताप्राप्त जाहिरात संस्थांना ______ टक्के कमिशन देत.
२. कामाच्या लेखी गोषवाऱ्याला ______ म्हणतात.
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. बर्नबाख यांनी संस्थेच्या कामकाजात कोणता बदल केला?

४.३.४ साखळीच्या टोकाला बसलेला मराठी लेखक

वर वर्णन केलेला प्रवास अनेक आठवडे चालतो. मराठी आवृत्तीचे काम बहुधा मान्यतेनंतर, छपाईच्या किंवा प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी सुरू होते. संध्याकाळी एक ओळ फोनवर येते. सकाळपर्यंत मराठी हवी असते. सोबत ब्रीफ नसते, चित्र नसते, कोण कोणाशी बोलत आहे याची माहिती नसते. जागा मूळ ओळीच्या मापाने आखलेली असते. मूळ मजकुराच्या लेखकाला विचार करायला मिळालेले आठवडे आणि मराठी लेखकाला मिळालेली रात्र यांतील अंतर मराठी वाक्यात उतरते.

याची भाषिक कारणे आपण क्रमाने पाहू.

१. लिंग : ‘मी दमलो’ की ‘मी दमले’? इंग्रजी वाक्यात बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदावरून कळत नाही. मराठीत ते ठरवल्याशिवाय वाक्यच पूर्ण होत नाही. चित्र न पाहता लिहिणारा लेखक येथे केवळ अंदाज करू शकतो.

२. संबोधन : मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ असे तीन पर्याय आहेत. हिंदी ‘आप’ची जागा रोजच्या मराठीत बहुधा ‘तुम्ही’ने भरते. घाईत मात्र ‘आप’चे ‘आपण’ होते. मराठीतील ‘आपण’ आदरार्थी आहे, तसाच तो बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकत्र घेणाराही आहे. त्यामुळे ‘आपण बचत केली पाहिजे’ या वाक्यात बँक ग्राहकाला उपदेश करते आहे की स्वतःलाही त्यात धरते आहे, हे कळत नाही.

३. शब्दक्रम : मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते. मूळ इंग्रजी ओळ उत्पादनाच्या नावावर संपत असेल तर मराठीत तो जोर टिकवण्यासाठी वाक्य नव्याने रचावे लागते. त्याला वेळ लागतो.

४. लिपी : देवनागरीत मात्रा, रफार, वेलांट्या वर आणि उकार खाली येतात. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या जागेत देवनागरी बसवली की ओळी एकमेकींना भिडतात. सुलेखनकार व अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी उल्का या जाहिरात संस्थेत काम केले, पुढे पवईच्या आय.आय.टी.त अध्यापन केले आणि संगणकावर सर्वत्र दिसणारा ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला. भारतीय लिप्यांचा विचार मुळापासून, त्यांच्या स्वतःच्या वळणांनुसार व्हायला हवा, ही जाण त्यांच्या कामात दिसते.

४.३.५ एका ओळीची तपासणी

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. केसांच्या तेलाची हिंदी ओळ अशी आहे :

‘इसे लगाइए और बालों का झड़ना कम कीजिए, वो भी सिर्फ़ चार हफ़्तों में।’

घाईतील मराठी रूप :

‘याला लावा आणि केसांचे झडणे कमी करा, ते पण फक्त चार आठवड्यांमध्ये.’

या वाक्यातील प्रत्येक शब्द मराठी आहे. वाक्य मात्र हिंदी आहे. कसे ते पाहा. मराठीत निर्जीव कर्माला सहसा ‘ला’ हा प्रत्यय लागत नाही. आपण ‘तेल लावा’, ‘हे लावा’ म्हणतो. ‘याला लावा’ याचा अर्थ ‘या व्यक्तीला किंवा वस्तूला काहीतरी लावा’ असा होतो. केसांसाठी ‘गळणे’ हे क्रियापद रूढ आहे. ‘ते पण फक्त’ ही ‘वो भी सिर्फ़’ची हुबेहूब नक्कल आहे, मराठीत ‘तेही अवघ्या चार आठवड्यांत’ असे म्हणता येते. शिवाय केस गळणे ही आपोआप होणारी क्रिया असल्याने ‘कमी करा’पेक्षा ‘कमी होते’ ही रचना अधिक स्वाभाविक वाटते. दुरुस्त रूप असे होईल :

‘हे तेल लावा. अवघ्या चार आठवड्यांत केस गळणे कमी होईल.’

वाक्य आता मराठी झाले. पण काम संपले का? ‘कमी होईल’ हे भविष्यकाळी रूप निश्चित आश्वासन देते. कंपनीकडे एवढ्या निश्चित परिणामाचा पुरावा नसेल, तर ‘कमी होण्यास मदत होते’ असेच म्हणावे लागेल. म्हणजे क्रियापदाचे रूप निवडताना आपण केवळ शैली निवडत नाही, कंपनीचा दावाही निवडतो. हा निर्णय ब्रीफ पाहिल्याशिवाय घेता येत नाही.

याहून पुढची पायरी म्हणजे मराठीतूनच विचार करणे. लेखिका ब्रीफच्या वेळीच चित्रकाराशेजारी बसली असती तर? केस गळतात हे घरात प्रथम कोठे लक्षात येते, असा प्रश्न तिने विचारला असता. उत्तर : विंचरताना, कंगव्यात. मग शीर्षक होऊ शकले असते :

‘आज कंगव्यात किती?’

तीन शब्द. ‘केस’ हा शब्दही नाही, कारण ते काम कंगव्याचे चित्र करते. दावा नाही, कारण हा प्रश्न आहे. दावा खालच्या मजकुरात, पुराव्याच्या मापाने येईल. ही ओळ मूळ हिंदी ओळीचा अनुवाद करून हाती लागली नसती. ती लेखिकेच्या हुशारीमुळे जितकी सुचली, तितकीच तिला मिळालेल्या खुर्चीमुळे सुचली.

४.३.६ देशी भाषेतून घडलेले काम

देशी भाषेतून विचार केला तर काय घडते, याची साक्ष भारतीय जाहिरातीच्या इतिहासात आहे. पीयूष पांडे १९८२ मध्ये ओगिल्वी या संस्थेत रुजू झाले ते ग्राहक-सेवा विभागात. पुढे ते सर्जनशील विभागात गेले आणि संस्थेचे नेतृत्व करू लागले. राजस्थानात वाढलेल्या पांडे यांनी बोलीतील लकब, खेड्यातले प्रसंग आणि हिंदी वाक्प्रचार मुख्य प्रवाहातील जाहिरातीत आणले. फेव्हिकॉलच्या जाहिराती हे त्याचे परिचित उदाहरण. तेथे हिंदी ही अनुवादाची भाषा नव्हती, कल्पनेची भाषा होती.

दुसरे उदाहरण अमूल लोण्याच्या फलकांचे. १९६६ पासून दाकुन्हा यांच्या संस्थेने चालवलेली ही मालिका ताज्या घडामोडींवर इंग्रजी-हिंदी मिश्र शब्दखेळ करते. भरत दाभोलकर यांनीही तिच्यासाठी काम केले आहे. ‘अमूल’चे वर्गीस कुरियन यांनी या फलकांसाठी प्रत्येक वेळी पूर्वमान्यतेची अट ठेवली नाही, हे या मालिकेचे वैशिष्ट्य सर्वश्रुत आहे. मान्यतेची साखळी आखूड असली की विनोद ताजा राहतो. कामाची रचना भाषेवर परिणाम करते, या आपल्या प्रतिपादनाला येथे अनुकूल बाजूने पुष्टी मिळते.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने आणखी एक नाते लक्षात घ्यावे. कवी अरुण कोलटकर हे मुंबईतील नामवंत आर्ट डायरेक्टर होते. जाहिरात-कलेतील कामगिरीबद्दल कम्युनिकेशन आर्ट्स गिल्डच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) या कादंबरीचे लेखक किरण नगरकर यांनीही जाहिरात क्षेत्रात काम केले. मराठी प्रतिभा या व्यवसायात नव्हती असे म्हणता येणार नाही. ती होती, तिला तेथे मराठीतून काम करण्याची संधी किती मिळाली, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
चूक की बरोबर ते सांगा.
१. मराठीत निर्जीव कर्माला नेहमी ‘ला’ हा प्रत्यय लागतो.
२. ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला.
३. ‘कमी होईल’ आणि ‘कमी होण्यास मदत होते’ या दोन रचनांतील दावा सारखाच आहे.

४.३.७ वेळ, श्रम आणि श्रेय

मुंबईतील अनेक जाहिरात संस्था नव्वदच्या दशकानंतर लोअर परळच्या परिसरात, बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारांत आल्या. जेथे भोंग्यावर पाळी सुरू होत असे आणि संपतही असे, तेथे आता पाळी संपल्याची खूण उरलेली नाही. रात्री उशिरापर्यंत थांबणे हे या व्यवसायात निष्ठेचे लक्षण समजले जाते. नवे काम मिळवण्यासाठी अनेक संस्था एकाच कंपनीपुढे स्पर्धात्मक सादरीकरण करतात. याला ‘पिच’ म्हणतात. त्यासाठी केलेल्या कामाचे बहुधा पैसे मिळत नाहीत. सुट्ट्या मात्र जातात. केवळ पारितोषिकासाठी जाहिराती तयार करण्याची प्रथाही टीकेचा विषय झाली आहे.

या कार्यसंस्कृतीची टोकाची परिणती जपानमध्ये दिसली. डेंट्सू या तेथील सर्वांत मोठ्या जाहिरात संस्थेतील २४ वर्षांच्या एका कर्मचारी तरुणीने डिसेंबर २०१५ मध्ये आत्महत्या केली. अतिश्रम हे त्यामागचे कारण असल्याचे सरकारी कामगार कार्यालयाने मान्य केले. २०१७ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने बेकायदा जादा कामाबद्दल संस्थेला ५ लाख येन दंड केला. संस्थेने रात्री दहाला कार्यालयातील दिवे बंद करण्यास सुरुवात केली होती. दिवे बंद झाले तरी काम घरी जाऊ शकते, हे घरून काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ‘सर्जनशील माणसाला वेळेचे भान नसते’ हे वाक्य कौतुकाने म्हटले जाते. ते कोण, कोणाविषयी आणि कोणाच्या सोयीसाठी म्हणत आहे, हे पाहावे.

श्रेयाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. जाहिरातीखाली लेखकाचे नाव नसते. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लेखकाचा हक्क लेखी हस्तांतराशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. अनुवादालाही हे लागू आहे. मात्र दोन-चार शब्दांच्या घोषवाक्याला स्वामित्वहक्काचे संरक्षण सहसा मिळत नाही. मोबदल्याबाबतही एक तरतूद माहीत असावी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु व्यावसायिकाला, २००६ च्या अधिनियमानुसार, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळणे बंधनकारक आहे. घरून अनुवाद करणाऱ्या व्यक्तीलाही अशी नोंदणी करता येते.

या पार्श्वभूमीवर, जाहिरातीच्या अनुवादाचे काम स्वीकारण्यापूर्वी पुढील सहा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

१. ब्रीफ मिळेल का?
२. चित्र किंवा चित्रफितीचा आराखडा पाहता येईल का?
३. कोण, कोणाशी बोलत आहे?
४. दाव्याला पुरावा काय आहे?
५. छपाईपूर्वी अंतिम प्रत मला दाखवणार का?
६. दर किती, आणि पैसे किती दिवसांत?

पहिले पाच प्रश्न भाषेचे आहेत, सहावा पोटाचा. एकही विचारण्यात संकोच बाळगू नये. प्रत्येक वेळी सहाही उत्तरे मिळतील असे नाही. पण जो विचारतो त्याला पुढच्या वेळी लवकर बोलावले जाण्याची शक्यता वाढते, कारण त्याच्या कामात नंतर दुरुस्त्या कमी निघतात.

४.३.८ शब्दाची जबाबदारी

हक्कांइतकीच जबाबदारीही महत्त्वाची आहे. मराठी आवृत्ती वाचणारा वाचक मूळ इंग्रजी वाचत नाही. मूळ ओळीतील ‘मदत होते’ मराठीत ‘थांबते’ झाले, तर त्या वाचकाची फसवणूक मराठी शब्दाने झालेली असते.

औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार मधुमेह, कर्करोग यांसारखे ठरावीक आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली भारतीय जाहिरात मानक परिषद ही व्यवसायाची स्वनियमन संस्था तक्रारींची दखल घेते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतील एक अट भाषेच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावी : दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत त्याविषयीचा खुलासा असला पाहिजे. वर मोठ्या अक्षरांत मराठी आश्वासन आणि खाली बारीक इंग्रजीत अटी, ही जुनी पद्धत या अटीत बसत नाही. मराठी लेखकाला येथे कायद्याचा आधार आहे; खुलाशाचाही मजकूर मागून घ्यावा.

४.४ सारांश

जाहिरात ही अनेक विभागांच्या सहकार्यातून घडते. लेखक आणि चित्रकार यांनी सुरुवातीपासून एकत्र विचार करणे हा आधुनिक जाहिरात-निर्मितीचा पाया आहे. मराठी लेखक मात्र बहुधा साखळीच्या शेवटी, अपुऱ्या माहितीवर आणि अपुऱ्या वेळेत काम करतो. लिंग, संबोधन, शब्दक्रम, लिपी आणि दाव्याची मर्यादा यांबाबतचे दोष पुष्कळदा यातून निर्माण होतात. देशी भाषेला कल्पनेच्या टप्प्यावर स्थान मिळाले की मजकूर जिवंत होतो, हे हिंदी जाहिरातीच्या वाटचालीवरून दिसते. मराठी जाहिरात सुधारायची तर शुद्धलेखनाच्या आधी मराठी लेखकाला ब्रीफ, चित्र, वेळ आणि मोबदला मिळाला पाहिजे. लेखकानेही आपल्या शब्दातून होणाऱ्या दाव्याची जबाबदारी ओळखली पाहिजे.

४.५ पारिभाषिक शब्द

ब्रीफ : कामाचा लेखी गोषवारा.
कॉपीरायटर : जाहिरातीचा मजकूर-लेखक.
पिच : काम मिळवण्यासाठी केलेले स्पर्धात्मक सादरीकरण.
दावा : उत्पादनाच्या गुणाविषयी जाहिरातीत केलेले विधान.
खुलासा : दाव्याच्या अटी व मर्यादा सांगणारा मजकूर.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. १५, २. ब्रीफ. (आ) १. लेखक आणि चित्रकार यांना सुरुवातीपासून एकत्र बसवून काम करण्याची पद्धत त्यांनी सुरू केली.
प्रश्न २ : १. चूक, २. बरोबर, ३. चूक.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. जाहिरात संस्थेतील विभागांची कामे थोडक्यात लिहा.
२. ‘मराठी मजकुराची भाषा कामाच्या रचनेवर अवलंबून असते’ या विधानाची चर्चा करा.
३. मराठीतील ‘आपण’ या सर्वनामाच्या वापरातील अडचण जाहिरातीच्या संदर्भात स्पष्ट करा.
४. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या मजकूर-लेखकाचे हक्क आणि जबाबदाऱ्या यांवर टीप लिहा.

४.८ क्षेत्रीय कार्य

१. एका आठवड्यातील मराठी दैनिकांतून अनुवादित वाटणाऱ्या पाच जाहिराती जमवा. प्रत्येकीतील दोष लिंग, संबोधन, शब्दक्रम, शब्दनिवड वा लिपी यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे ते लिहा आणि दुरुस्त रूप द्या. दुरुस्त करताना मूळ दावा वाढणार नाही याची काळजी घ्या.

२. आपल्या गावातील किंवा परिसरातील एखादा लहान व्यावसायिक निवडा : गिरणीवाला, पापड-लोणची करणारा बचत गट, सायकल दुरुस्तीचे दुकान. त्याच्याशी बोलून एका पानाचे ब्रीफ तयार करा आणि थेट मराठीत तीन शीर्षके लिहा. ती त्या व्यावसायिकाला वाचून दाखवा व त्याचा प्रतिसाद नोंदवा. संपर्कसत्रात ब्रीफ, शीर्षके आणि प्रतिसाद या तिन्हींवर चर्चा करता येईल.